ऑपरेशन माझं झालं की तुमचं?

ऐरोलीहून एका बाबांचं पत्र आलं आहे. नाव छापायचं नाही या अटीवर थोडक्यात देते.

"माझी मुलगी १२ वर्षांची, सातवीत आहे. तीन वर्षांपूर्वी तिला ताप येऊन सांधे धरले होते. आज गुडघा, तर उद्या घोटा. वाढीच्या वयाचं दुखणं असेल, असं आम्ही समजलो. पुढे जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला आणि हृदयातली मायट्रल झडप खराब झाल्याचं कळलं. ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती, म्हणून सात महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. ऑपरेशन चांगलं झालं. मागच्या महिन्यात इको बघून डॉक्टर म्हणाले, आता सगळं करू द्या, फक्त धक्काबुक्कीचे खेळ नकोत.

"पण सगळं करू देणं आम्हाला जमत नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तिचं दप्तर मी वर आणतो, तिला प्रत्येक मजल्यावर थांबायला लावतो. बायको मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येते. धाकट्याला, तो ७ वर्षांचा आहे, सक्त ताकीद आहे की ताईच्या अंगाला हात लावायचा नाही. माझी आई म्हणते, टाक्यांची खूण कुणाला दिसू देऊ नका, पुढे मुलीचं लग्न करायचंय. आणि मी रोज रात्री दोन-अडीचला उठून तिच्या उशाशी जाऊन उभा राहतो. शांततेत झडपेची टिकटिक ऐकू येते. ती ऐकली की मगच मला झोप लागते.

"गेल्या आठवड्यात तिने आम्हाला न विचारता गॅदरिंगच्या लेझीम पथकात नाव दिलं. बाईंनी संमतीपत्र पाठवलं. मी त्यावर 'तब्येतीच्या कारणाने परवानगी नाही' असं लिहून परत केलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, 'बाबा, ऑपरेशन माझं झालं की तुमचं?' पूर्वी ती अशी उलट बोलत नसे. तिचा आत्मविश्वास वाढायला हवा, पण हा बेफिकीरपणा नको. तिला कसं समजवावं?"

नमस्कार. तुमचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा दादा म्हणते.

दादा, तुमच्या पत्रात लेझीम आहे, दप्तर आहे, लग्न आहे. मी मात्र आधी रात्री अडीच वाजता उशाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलणार आहे. ज्याने पोटच्या पोरीच्या छातीचं हाड कापायच्या कागदावर सही केली, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ते सगळे तास काढले, आयसीयूत तिच्या अंगावरच्या नळ्या पाहिल्या, त्याची झोप सात महिन्यांत जागेवर येईल अशी अपेक्षाच चुकीची आहे. तुम्ही उठता याचं मला नवल वाटत नाही. तुम्ही हे लिहिलंत, याचं मात्र मनापासून बरं वाटलं. पुरुष माणसं हे सहसा लिहीत नाहीत.

पण ती टिकटिक कसली असते, ते एकदा नीट बघू. बहुतेक धातूच्या झडपांमध्ये एका कड्यात कार्बनच्या पाकळ्या असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्या उघडतात आणि मिटतात. मिटताना जो आवाज होतो, तो तुम्ही ऐकता. मिनिटाला ८० ठोके धरले तरी दिवसाला लाखाच्या वर वेळा. तुम्ही कामावर असता, ती वर्गात भूमितीचा तास करत असते, तेव्हाही ती झडप आपलं काम करतच असते. माणसाच्या हृदयात कृत्रिम झडपा बसवायला लागून आता साठ वर्षं उलटून गेली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली आपल्या देशातली झडप पहिल्यांदा बसवली गेली ती १९९० च्या डिसेंबरात. यातलं काही कालचं, अंदाजाने केलेलं नाही. झडप रात्री बंद पडेल आणि कुणी जागं असलं तर वाचवता येईल, अशी ही गोष्टच नव्हे. तिला तुमची जाग लागत नाही. तिला लागते ती रक्त पातळ ठेवणारी गोळी, ठरल्या वेळेला, न चुकता, आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआरची रक्ततपासणी.

आता मी तुम्हाला एक विचारते. तुमच्या पत्रात तुम्ही काय करता ते आहे, तुमची बायको काय करते ते आहे, आजी काय म्हणतात तेही आहे. तुमची मुलगी स्वतः या आजारपणात काय करते, त्याबद्दल मात्र एक ओळ नाही. गोळी कोण काढून देतं? तिला तिच्या गोळीचं नाव माहीत आहे का? मागचा आयएनआर किती होता, ते ती सांगू शकेल का? लेझमीची पट्टी चुकून डोक्याला लागली तर काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंय का?

मला वाटतं, नाही. म्हणूनच तुम्हाला ती बेफिकीर वाटते. जिच्या हातात फिकीर करण्यासारखं काही दिलेलंच नाही, ती दुसरं काय करणार! तिने लेझीममध्ये नाव दिलं यात मला बेफिकिरी दिसत नाही. डॉक्टर 'सगळं करू द्या' म्हणाले तेव्हा ती समोरच बसली असेल. तिने ते ऐकलं आणि खरं मानलं. तुम्हीही तेच ऐकलंत, पण तुम्हाला ते खरं मानता आलं नाही. तुमच्या दोघांतला फरक एवढाच आहे. तिच्या त्या प्रश्नात उद्धटपणा आहे का, हे मी दोनदा वाचून बघितलं. मला नाही सापडला. तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला हवं: "ऑपरेशन तुझं झालं. भीती माझी राहिली." जेवताना नको. दोघंच कुठे तरी चालायला जा, आणि हे तिला सांगा. मुलांना आपल्या बापाची भीती कळते. त्या भीतीचं नाव मात्र कळत नाही, आणि मग त्यांना वाटतं की आपल्यातच अजून काही तरी बिघडलेलं आहे, जे मोठी माणसं सांगत नाहीत.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. आम्ही ठाण्यात चरईत राहायचो. माझ्या मोठ्या बहिणीला हाच आजार झाला होता. १९७४ मध्ये, ती १३ वर्षांची असताना, तिची आकसलेली मायट्रल झडप ऑपरेशन करून मोकळी केली. तेव्हा डाव्या कुशीकडून छाती उघडायचे, तिच्या फासळ्यांवरून मागे वळत गेलेला व्रण मला अजून दिसतो. ताई बरी होऊन घरी आली. रंग सुधारला, भूक लागायला लागली, रात्री उशांचा ढीग न लावता आडवं झोपता यायला लागलं. पण घरात ती 'हृदयाची' झाली ती झालीच. दगदग नको म्हणून आठवीनंतर शाळा सोडवली. संध्याकाळी आम्ही भावंडं तलावपाळीवर पळायचो, ती गॅलरीत बसून लोकरीचं विणकाम करायची. तिला कुणी रागावलं नाही, कुणी कामाला लावलं नाही, कुणी काही मागितलं नाही. सगळ्यांचा जीव होता तिच्यावर. पन्नाशी उलटल्यावर एकदा ती मला म्हणाली, "त्या वयात मला दम लागत नव्हता गं. लागेल म्हणून मी कधी धावलेच नाही."

आई-वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला तर डॉक्टरांनी सांगितलंय.

१९६४ मध्ये ग्रीन आणि सोलनिट नावाच्या दोन अमेरिकी डॉक्टरांनी नेमकं हेच लिहून ठेवलं. मूल एकदा मरणाच्या दारातून परत आलं, की ते पूर्ण बरं झालं तरी आई-बापाच्या मनात नाजूकच राहतं. मग त्याला एकटं सोडवत नाही, त्याला 'नाही' म्हणवत नाही. आणि हळूहळू मूलही स्वतःला तसंच समजू लागतं. जरा काही झालं की अंग दुखतं म्हणतं, शाळेत मागे पडतं. तुमची मुलगी अजून तशी झालेली नाही. ती लेझीममध्ये नाव देते आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, दादा.

तर करायचं काय? माझं एकच म्हणणं आहे. तिच्या हृदयाचा कारभार थोडा थोडा करून तिच्या ताब्यात द्यायला लागा. "घाबरू नकोस, तू शूर आहेस" असं दिवसातून दहा वेळा म्हटल्याने आत्मविश्वास येत नाही. आपलं आपल्याला सांभाळता येतं, हे रोज रात्री हाताने करून बघितलं की येतो.

सुरुवात गोळीपासून करा. आठवड्याच्या सात खणांची प्लास्टिकची डबी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. रविवारी तिने ती स्वतः भरायची, तुम्ही शेजारी बसून नुसतं बघायचं. या गोळीचा डोस कधी अर्धी, कधी पाऊण असा बदलतो. तो तिने स्वतः कागदावरून वाचून भरायचा. रात्री ठरलेल्या वेळी गोळी घेऊन झाली की वहीत खूण. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा, आणि तो फोनही तिने करायचा. पहिले दोन-तीन महिने तुम्ही रात्री डबीचा खण बघा. बघायचंच असेल तर टिकटिकीपेक्षा तो बघा.

त्याच वहीत आयएनआर. तारीख, आकडा, बदललेला डोस. मायट्रलच्या जागी धातूची झडप असली की आकडा सहसा २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवतात, तुमच्या मुलीसाठी नेमका किती ते तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असेल. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी होण्याची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. सातवीतल्या मुलीला हे दहा मिनिटांत समजतं. पुढच्या ओपीडीला तिला एक काम द्या. वहीत तीन प्रश्न लिहून न्यायचे आणि डॉक्टरांना स्वतः विचारायचे. तुम्ही दोघांनी पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. हे आई-बापांना ऑपरेशनपेक्षा अवघड जातं, हे मी पाहिलेलं आहे.

खाण्याच्या बाबतीत घरोघरी एक चूक होते. पालेभाजीने आयएनआर खाली येतो असं कुणी तरी सांगतं, आणि पालक, मेथी, कोथिंबीर घरातून हद्दपार होते. बंद करायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, एवढंच. एका आठवड्यात रोज पालक आणि पुढचे पंधरा दिवस अजिबात नाही, असं झालं की आकडा हलतो. दुखलं-खुपलं तर ॲस्पिरिन, ब्रुफेन मनाने द्यायची नाही. काढे, चूर्णं, जिमवाल्यांचे डबे यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दात दोन वेळा घासणं ही तिच्या बाबतीत हृदयाची काळजी आहे, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. दात काढायचा असला की दंतवैद्याला आधी झडपेबद्दल सांगायचं, म्हणजे ते अँटिबायोटिकचा डोस अगोदर देतात. हे सगळं तिला पाठ हवं, तुम्हाला नव्हे. तुम्ही प्रत्येक दंतवैद्याकडे तिच्यासोबत असणार नाही.

दप्तर आणि जिना यावर फार लिहीत नाही. कापलेलं छातीचं हाड साधारण दीड-दोन महिन्यांत सांधतं, तीन महिन्यांत बहुतेकांचं पक्कं होतं. तिला सात झाले. दप्तर तिला उचलू द्या. प्रत्येक मजल्यावर सक्तीने थांबवू नका, तिला वाटेल तिथे ती थांबेल. चढताना बोलता येत असेल तर ठीक चाललंय. वाक्य तुटायला लागलं की थांबावं. ही साधी खूण तिला शिकवा आणि तुम्ही दोन पायऱ्या मागे राहा. आणि मधल्या सुट्टीतली फाटकापर्यंतची फेरी बंद करा. तिच्या आईला ती फेरी हवी आहे, हे मला कळतं. पण फाटकाशी उभी असलेली आई तिच्या मैत्रिणींनाही दिसते.

आता लेझीम.

तुम्ही लेझमीकडे धोका म्हणून बघता आहात, तेव्हा धोका नेमका कुठे आहे ते बघू. दम लागण्याची भीती असेल, तर लेझीम सपाट्याने धावण्यापेक्षा सौम्य आहे. ठेका हळू सुरू होतो, चढतो, मध्ये थांबतो. उठाबशा आणि उड्या आहेत, त्यासाठी तिचा सराव हळूहळू वाढवायला हवा. हृदयाला तिच्या डॉक्टरांनी मोकळीक दिलेलीच आहे. खरा मुद्दा रक्त पातळ असण्याचा. शेजारणीची लेझीम मनगटावर बसली तर मोठा काळानिळा डाग पडेल, तो दहा-बारा दिवसांनी जाईल. डोक्यावर जोरात बसली तर मात्र ती ठणठणीत दिसत असली तरी हॉस्पिटलात दाखवायचं, कारण आतला रक्तस्राव लगेच कळत नाही. म्हणून बाईंना सांगा की तिला कडेच्या रांगेत ठेवा आणि शेजारणीपासून हातभर जास्त अंतर द्या. मनोरा रचणार असतील तर त्यात ती नको. एवढं केलं की धोका आटोक्यात येतो. बाकी जो उरतो, तो ऐरोलीच्या सिग्नलला रस्ता ओलांडण्यातही आहे.

डॉक्टरांना फोन करून 'लेझीम' हा शब्द उच्चारून विचारा. 'सगळं करू द्या' हे मोघम असतं, त्यात आपली भीती घुसायला जागा राहते. लेझीम, सायकल, पोहणं, सहल, एकेक नाव घेऊन विचारलं की उत्तरंही नेमकी येतात. कबड्डी, कराटे, कुस्ती हे नाही, ते तुम्हाला सांगितलंच आहे. तिला त्याचं वाईट वाटत असेल तर वाटू द्या. खरोखरच्या एक-दोन 'नाही'ला मुलं नीट तोंड देतात. उगाचच्या पन्नास 'नाहीं'मुळे त्यांना खरा 'नाही' कुठला ते ओळखता येत नाही, आणि मग खरी बेफिकिरी सुरू होते.

वर्गशिक्षिकेला आणि पी.टी.च्या सरांना एक कागद लिहून द्या. मुलीला धातूची झडप आहे, ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, तिला थांबावंसं वाटलं तर न विचारता थांबू द्या, डोक्याला मार लागला किंवा अचानक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, खूप दम लागला तर लगेच हॉस्पिटल आणि मग फोन. तेवढंच कार्ड तिच्या कंपासपेटीतही. मजकूर तिच्याकडूनच लिहून घ्या, अक्षर तिचं असू द्या. घरातही हे लक्षात ठेवा: कारण नसलेला ताप दोन-तीन दिवस टिकला, शौच काळी झाली, किंवा नेहमीची टिकटिक दबलेली वाटली, तर वाट बघायची नाही. आवाजाकडे लक्ष देण्याचं तुमचं कसब वाया गेलेलं नाही, पण ते तिलाही शिकवा. आपला आवाज तिच्याइतका जवळून कुणीच ऐकत नाही.

धाकट्याचं मन मला दिसतंय. सात वर्षांचा मुलगा, ज्याची ताई एक दिवस गेली आणि काचेची होऊन परत आली. तो आता तिच्याशी भांडत नाही, म्हणजे तिच्याशी खेळतही नसणार. ढकलाढकली नको, हे बरोबर. पण रिमोटवरून, शेवटच्या लाडवावरून, खिडकीजवळच्या जागेवरून त्यांना भांडू द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. त्यालाही कधी झडप ऐकू द्या, छातीला कान लावून. आपल्या ताईच्या आत घड्याळ आहे, हे सात वर्षांच्या मुलाला भीतीचं नाही, अभिमानाचं वाटतं.

आजींचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. त्यांनी आपल्या काळात बघितलंय की व्यंगाचा बोभाटा झाला की स्थळं फिरतात. पण इथे लपवणं धोक्याचं आहे, आणि ते का, हे आजींना समजावून सांगा. धातूची झडप असलेल्या माणसाला ही गोळी जन्मभर घ्यायची असते. सासरी लपवून ठेवलेल्या गोळीची वेळ चुकते. आधी एक दिवस, मग आठवडा, आणि झडपेवर गुठळी धरते. त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय या गोळीचा आणि गरोदरपणाचा संबंध येतो, त्यामुळे पुढे मूल हवं असेल तेव्हा आधीपासून डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. जिला हे मोकळेपणाने बोलता येतं तिच्यासाठी मार्ग असतात. लपवणाऱ्या मुलीच्या हातात तेवढेही राहत नाहीत. म्हणून आज बारा वर्षांच्या मुलीला खूण झाकायला शिकवू नका. दाखवायला लावूही नका, तेही नको. गळ्याशी वर आलेलं टोक दिसतंच, कुणी विचारेल. तिच्याजवळ एक सरळ वाक्य तयार असू द्या: "माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता मी बरी आहे." पुढे सांगायचं की विषय बदलायचा, ते तिचं तिने ठरवावं.

एक गोष्ट तिच्या आईसाठी. मुलगी बारा वर्षांची आहे, पाळी आली नसेल तर येईल. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे ती जास्त जाऊ शकते. अगोदर सांगितलं नाही तर ती पोर शाळेच्या बाथरूममध्ये एकटीच घाबरेल, आणि आपल्या झडपेला काही झालं असं समजेल. आजच बोला. किती पॅड लागले ते वहीत लिहायचं, जास्त वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं, आणि गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्या आई-बापांना दोन शब्द. या आजाराला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात, आणि तो घशातून सुरू होतो. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरतो, त्यावर नीट औषध झालं नाही तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि फिरते सांधे. डॉक्टरांमध्ये जुनं म्हणणं आहे की हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे आपोआप बरे होतात, म्हणून आपण फसतो. एकदा असा ताप येऊन गेला की तो परत येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर ३ किंवा ४ आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि ऑपरेशन झालं म्हणून ते संपत नाही. दादा, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. चालू असेल तर उत्तम. बंद केलं असेल तर उद्या डॉक्टरांना विचारा. गोळीने रक्त पातळ असताना स्नायूत इंजेक्शन द्यायचं की तोंडाने पेनिसिलिन, ते ते ठरवतील. धाकट्याचा घसा दुखून ताप आला तर त्यालाही दाखवत जा. ज्यांच्या मुलांची अजून तपासणी झालेली नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत येतात, हृदयाचे आजारही तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनं बसतात. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा.

राहिली तुमची झोप. ती एका रात्रीत येणार नाही, आणि उद्यापासून उठूच नका असं मी सांगणार नाही. उठलात तर दारापर्यंत जा, गोळीच्या डबीचा आजचा खण रिकामा आहे का ते बघा आणि परत या. उशाशी थांबू नका. कधी तरी ती डोळे मिटून जागी असते, हे तुम्हाला माहीत नसेल. बापाला रोज रात्री आपला श्वास तपासताना बघणाऱ्या मुलीला दिवसा कितीही धीर दिला तरी तो अपुरा पडतो. बायकोशीही बोला. तीही जागीच असेल, आणि दोघंही दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प असाल. तरीही महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, कामात लक्ष लागेना, छातीत धडधड होत राहिली, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या पोटातला गोळा हाही एक इलाज असलेला त्रास आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आणि ते संमतीपत्र. उद्या सकाळी बाईंना नवी चिठ्ठी द्या. "डॉक्टरांना विचारून परवानगी देत आहे, सोबत सूचनांचा कागद जोडला आहे," एवढंच लिहा. पण सही करण्याआधी डॉक्टरांना फोन करायचं काम तिच्यावर सोपवा, तुमच्यासमोर, स्पीकर लावून. तालीम सुरू झालीच असणार. तिचे दोन-चार ठेके मागे पडले असतील, ते मैत्रिणी शिकवतील. तुमच्या गच्चीवर जागा असेल तर त्यांना संध्याकाळी तिथे बोलवा. चार मजले चढून येतील.